नरसय्यांना ऐकू येत नसे

हे किस्से जसे घडले तसेच मी सांगतोय, असं छातीवर हात ठेवून म्हणायची माझी तयारी नाही. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यातच पीएच.डी. केली, आणि आता सकाळची गोळी घेतली की नाही हे कळायला पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्या लागतात. मंगळवारचं वाक्य गुरुवारी पडलं असेल. एकाचा विनोद दुसऱ्याच्या तोंडी गेला असेल. एक वाक्य मात्र कोण बोललं याबद्दल मला शंका नाही, कारण ते मीच बोललो होतो.

किस्से साठायला काय लागतं? माझ्या मते, जागचं हलता न येणारी चार माणसं. फिजिओथेरपी सेंटरमध्ये ती आयती मिळतात. एकाच्या गुडघ्यावर शेकाची पिशवी, दुसऱ्याच्या कमरेला पट्टा, तिसऱ्याच्या खांद्याला करंटच्या वायरी. कुणाला उठून जाता येत नाही. मग बोलण्याशिवाय काय करणार?

आमचं सेंटर सोलापुरात सात रस्त्याजवळ, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. याबद्दल मल्लप्पा अण्णांचं म्हणणं असं होतं, "ज्याला गरज आहे त्याला चढता येत नाही, आणि ज्याला चढता येतं त्याला गरज नाही. आपण सगळे दुसऱ्या जातीचे."

मी माझा आखडलेला खांदा घेऊन तिथं गेलो. डॉक्टरांनी बारा दिवस सांगितले होते. मी सव्वादोन वर्षं गेलो.

* * *

अण्णा म्हणजे साडेसातच्या बॅचचा राजा. मार्केट यार्डात भुसार मालाचं दुकान, ते आता दोन मुलं बघत. धिप्पाड शरीर, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरच्यांशी फोनवर कानडी आणि आमच्याशी मराठी. ते जिन्यात असतानाच हॉलमधले लोक दाराकडे बघू लागत. आल्या आल्या एकेकाची फिरकी. कुणाचा पायजमा, कुणाचा जावई, कुणाची नवी कवळी. ज्याची फिरकी घेतली नाही तो दिवसभर नाराज.

एकदा अण्णा हॉलच्या मधोमध उभे राहून, वरबाप आणि वधूबाप मांडवात कसे चालतात त्याची नक्कल करून दाखवत होते. वरबाप छाती काढून, लांब ढांगा टाकत. वधूबाप तुरुतुरु. आम्ही हसून हसून कळवळत होतो. इतक्यात दारात त्यांचा थोरला मुलगा उभा.

अण्णांचा वरबाप जागच्या जागी लंगडायला लागला. हात गुडघ्यावर, चेहरा आंबट. मुलानं दंड धरला.

"अजून दुखतंय, अण्णा?"

"दुखतंय की रे. मॅडमला विचार."

आवाजसुद्धा बदलला. हॉल भरून टाकणारा माणूस मुलाच्या काखेत मावेल एवढा झाला. ते जिना उतरून गेल्यावर मी कल्याणी मॅडमना, म्हणजे आमच्या फिजिओथेरपिस्टना, विचारलं, "हे काय आहे?"

मॅडम म्हणाल्या, "त्यांचा गुडघा दोन महिन्यांपूर्वीच बरा झाला, सर. मी सांगितलं तर म्हणाले, मॅडम, घरी कळवू नका. दुकानात मला खुर्ची आहे, काम नाही. इथं काम आहे."

"इथं कसलं काम?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, या सगळ्यांना सांभाळायचं."

* * *

हॉलची शिस्त जगतापांकडे होती. त्यांच्याकडे ती कुणी दिली नव्हती. बार्शीजवळच्या एका खेड्यातले हे गृहस्थ, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी हात खांद्याशी, जणू अजून चामड्याची पिशवी लटकतेय. नंबर कुणाचा, सायकल कुणी सोडायची, शेकाची पिशवी कुणाची गार झाली, सगळं तोंडपाठ.

नवीन पेशंटनं विचारलं, "तुमची ट्रीटमेंट किती दिवस आहे?"

"माझी दिवाळीला संपली की."

"मग आता?"

"आता पास हाय."

एकदा एक मोठे निवृत्त इंजिनिअर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कंबर धरलेली. आल्या आल्या मॅडमना म्हणाले, "माझं आधी घ्या. मी चीफ इंजिनिअर होतो."

जगताप उठले, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सायेब, मी कंडक्टर हुतो. हे सर प्रोफेसर हुते. अण्णांचं दुकान हुतं. ही सगळी 'हुतो'वाल्यांची गाडी हाय. बसा, सीट रिकामी झाली की देतो."

चीफ इंजिनिअर लालबुंद होऊन बसले. मला वाटलं, उद्या येणार नाहीत. आले. परवाही आले. आठव्या दिवशी मी आत शिरलो तर दाराशीच ते उभे, नव्या माणसाला सांगत होते, "मधे थांबू नका हो, पुढं सरका, मागं माणसं आहेत."

* * *

आता माझं. मी काही लोकप्रिय माणूस नव्हे. हे मी विनयानं म्हणत नाही, निरीक्षणानं म्हणतो. कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, पण स्टाफरूममध्ये मी आल्यावर कुणी खुर्ची सरकवून जागा केली, असं मला आठवत नाही. लोक आदरानं वागत. आदर ही दूरची गोष्ट असते. अण्णांच्या मांडीवर जगताप थाप मारत, तशी माझ्या मांडीवर कुणी मारत नसे. मला ती हवी होती, हे सांगायला या वयात लाज वाटते, पण हवी होती.

म्हणून मी तयारी करायचो. घरी एक विनोद मनाशी जुळवायचा, बायकोला ऐकवायचा, तिनं "बरं" म्हटलं की थोडा दुरुस्त करायचा. असा एक विनोद मी आठवडाभर घोटला आणि एका सोमवारी हॉलमध्ये सांगितला. चार मिनिटं लागली. संपल्यावर पूर्ण शांतता. करंटच्या मशीनची टिकटिक ऐकू येत होती.

अण्णांनी घसा खाकरला. "सर, हे परीक्षेला आहे का?"

हॉल हसून कोसळला. त्या दिवशी सगळ्यांत मोठं हसू माझ्यामुळंच आलं, असं मी घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

* * *

नरसय्या कोपऱ्यातल्या गुडघ्याच्या खुर्चीवर बसत. पायाला वजन बांधायचं, पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. बारीक, सावळे, पांढरा शर्ट, पांढरी विजार. आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात गेलेलं. आधी लूम चालवले, मग जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान राहतात कुठं? त्यांना ऐकू येत नसे. मुलानं यंत्र घेऊन दिलं होतं, ते म्हणे कपाटात. स्वतः क्वचित बोलत, आणि बोलले की मोठ्यानं.

खांद्याच्या पुलीचा दोर एकदा करकरायला लागला. मेकॅनिकला फोन झाला, तो उद्या येतो म्हणाला. नरसय्या उठले, पुलीवर तळहात ठेवून एक मिनिट डोळे मिटून उभे राहिले, मग खिशातून चाव्यांचा जुडगा काढून कुठंतरी एक स्क्रू पाव फेरा फिरवला. आवाज बंद. "आता चालते," एवढं बोलून परत खुर्चीवर.

पण त्यांना खरी मागणी वेगळ्याच कारणासाठी होती. हे माझ्या लक्षात यायला काही महिने लागले. हॉलमधला प्रत्येक जण कधी ना कधी स्टूल घेऊन नरसय्यांच्या समोर जाऊन बसायचा आणि हळू आवाजात बोलायचा. अण्णासुद्धा. एकदा मी शेजारच्या कॉटवर होतो म्हणून कानावर पडलं. अण्णा सांगत होते, "दुकानाच्या चाव्या मागून घेतल्या ओ धाकट्यानं. तुम्ही विसरता म्हणाला. मी काय विसरलो ते मला आठवंना." नरसय्या त्यांच्याकडे एकटक बघत होते. अण्णा थांबले तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि अण्णांच्या हातावर हात ठेवला.

नंतर अण्णा मला म्हणाले, "सर, मन मोकळं करायला याच्यासारखा माणूस नाही. ऐकूच येत नाही. बाहेर जायची भीती नाही."

जगताप त्यांना पुण्यातल्या मुलाबद्दल सांगत. चीफ इंजिनिअर काय सांगत कोण जाणे, पण एकदा डोळे पुसत उठले. मीही सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. एवढंच, की मी बोलत असताना ते नेमक्या ठिकाणी मान हलवत, आणि मला वाटे, किती चांगला योगायोग.

सगळ्यांना हसवणाऱ्या अण्णांपेक्षाही, त्या हॉलमध्ये कुणाशिवाय चालणार नाही असं विचारलं असतं, तर नरसय्यांनाच मतं पडली असती.

* * *

तर ते वाक्य.

विषय बायकांचा चालला होता. अण्णा सांगत होते की त्यांच्या घरी सकाळी सहाला बोलणी सुरू होतात ती बातम्या लागेपर्यंत. जगताप म्हणाले, "आमच्याकडं थांबाच न्हाय. विनाथांबा गाडी." हसू चाललं होतं. आणि मला, तयारी न करता, आयुष्यात पहिल्यांदा, सुचलं.

मी म्हणालो, "या हॉलमध्ये सुखाचा संसार एकट्या नरसय्यांचा. बायको काय बोलते ते ऐकूच येत नाही."

अण्णांच्या गुडघ्यावरची शेकाची पिशवी खाली पडली. जगताप माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. चांगली सणसणीत. चीफ इंजिनिअर "वा सर, वा सर" करत राहिले. समोर खुर्चीत पाय उचलून बसलेले नरसय्या माझ्याकडे बघत होते, आणि तेही हसले. हे मला पक्कं आठवतं.

त्या दिवशी मी जिना उतरलो तो खांद्याचं दुखणं विसरून.

पुढचे चार दिवस माझे होते. नवीन कुणी आलं की अण्णा म्हणायचे, "सर, ते सांगा की परत." मी सांगायचो. प्रत्येक वेळी थोडं रंगवून. मी आत आलो की खुर्ची सरकायची.

* * *

पाचव्या दिवशी जगताप आणि मी बरोबर उतरलो. खाली चहाच्या टपरीशी ते थांबले.

"सर, एक सांगू का? राग नका मानू. नरसय्यांची मालकीण हाय न्हवं का, तिचं घशाचं ऑपरेशन झालंय. आवाजच गेला तिचा. चार वर्सं झाली. मला बी कालच कळलं, त्यांच्या शेजारच्याकडनं."

मी चहाचे पैसे द्यायला पाकीट काढलं.

"म्हंजे तुमी काय मुद्दाम न्हाय बोललाव," जगताप म्हणाले. "आन् त्यांना कुटं ऐकू आलंय. ते तर आपल्यासंगं हसले की. कळलं असतं तर हसले असते व्हय?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी दिवसभर तो घोकला. कळलं असतं तर हसले नसते. हसले, म्हणजे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र जे घडलं ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. एक नवीन पेशंट आले होते, मोठे गप्पिष्ट. अण्णांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, "सर, ते नरसय्यांचं सांगा की यांना." सगळे माझ्याकडे बघत होते. जगताप खाली बघत होते. "आज नको" म्हटलं असतं तर संपलं असतं. पण खुर्ची नुकतीच सरकू लागली होती.

मी सांगितलं. नरसय्या समोरच होते, म्हणून आवाज तेवढा खाली ठेवला.

* * *

त्यानंतर मला चैन पडेना. माफी मागावी का? पण त्यांनी ऐकलंच नसेल, तर माफी मागताना ते वाक्य मलाच त्यांना सांगावं लागणार. न झालेली जखम करून वर मलम लावण्यासारखं. आणि ऐकलं असेल, तर माफी न मागणं म्हणजे नालायकपणा. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं: त्यांना काही तरी ऐकू येतं का, की काहीच नाही?

अशा प्रश्नावर माझ्यासारखा माणूस जे करेल तेच मी केलं. प्रयोग.

नीट आखला. त्यांच्या पाठीमागं उभं राहायचं. पाठीमागं अशासाठी, की माणसाला समोरचा चेहरा दिसला तर तो अंदाजानं मान हलवतो आणि निकाल बिघडतो. दोन फुटांवरून, पाच फुटांवरून आणि दहा फुटांवरून, रोजच्या आवाजात म्हणायचं, "नरसय्या, तुमचा रुमाल पडला." तीन वेगवेगळ्या दिवशी. आणि तुलनेसाठी तेच वाक्य तेवढ्याच अंतरावरून दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीमागं. त्यासाठी मी जगतापांना निवडलं.

जगताप नऊच्या नऊ वेळा वळले. शेवटी वैतागून म्हणाले, "सर, मी रुमालच ठेवत न्हाय."

नरसय्या एकदाही वळले नाहीत. नऊपैकी शून्य. पाय वर, दहा मोजले, पाय खाली. शेवटच्या दिवशी मी प्रयोगाबाहेर जाऊन एक लोखंडी डंबेल फरशीवर सोडलं. मॅडम ओरडल्या, अण्णांनी कानडीत काहीतरी म्हटलं. नरसय्यांनी फक्त पायाखाली बघितलं, फरशी हादरल्यासारखं वाटलं म्हणून असेल.

निकाल स्वच्छ होता. त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी ते वाक्य ऐकलेलं नाही. माफी मागायचं कारण नाही.

मी निश्चिंत झालो. निदान पंचाण्णव टक्के.

* * *

मग कोरोना आला आणि सेंटर कित्येक महिने बंद राहिलं. उघडलं तेव्हा बॅच अर्धी होती, आणि जे होते ते सगळे मास्कमध्ये. अण्णा पहिल्या दिवशी दोन विनोद करून थांबले. म्हणाले, "नुसत्या डोळ्यांवर विनोद होत नाही ओ. समोरचा हसतोय का रडतोय, कळंना झालंय." जगताप माणसांमध्ये दोन-दोन हात अंतर ठेवत होते. ते त्यांना बरोबर जमलं, पण त्यात त्यांचा जीव नव्हता.

नरसय्या मात्र फार बदललेले दिसले. अण्णा सवयीनं स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसले, थोरल्या सुनेबद्दल काही सांगू लागले. नरसय्या बघत होते, पण त्यांची नजर अण्णांच्या चेहऱ्यावर भिरभिरत होती. अण्णा बोलत असताना मधेच त्यांनी मान हलवली, आणि हलवायची तेव्हा हलवली नाही. अण्णा उठून आले. "म्हातारा थकला," म्हणाले.

हळूहळू त्यांच्यासमोर स्टूल नेणं सगळ्यांनी सोडलं. ते येत, पाय उचलत, दहा मोजत, जात. मला पुन्हा शंका आली. हा माणूस आपल्यावर रागावला तर नाही? मग मी प्रयोगाची आठवण करून स्वतःला गप्प केलं.

एके दिवशी ते जिन्याच्या तोंडाशी माझी वाट बघत उभे होते. मी आलो तसं त्यांनी माझ्या मास्ककडे बोट केलं.

"सर, ते काढा. बोला जरा."

मला मधुमेह, वर वय. टीव्हीवर रोज आकडे, आणि आकड्यांची भीती माझ्याइतकी कुणाला कळणार? मी दोन पावलं मागं सरकलो आणि मास्कमधूनच म्हणालो, "नंतर बोलू, नरसय्या. हे संपू दे सगळं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "काय म्हणाले?" एवढं विचारलं.

मी हातानं "नंतर" अशी खूण केली. त्यांना ती कळली. कठडा धरून एकेक पायरी उतरून गेले.

पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊन तेलंगणात मुलीकडे राहायला गेले. दीड वर्षानं जगतापांचा फोन आला. "सर, आपले नरसय्या गेले." अण्णांना मीच कळवलं. ते म्हणाले, "माझं सगळं घेऊन गेला ओ तो."

* * *

गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरलं. पाहुण्यांना चांगले टॉवेल द्यावेत असं घरात ठरलं, आणि ते बघायला मला पाठवलं. अक्कलकोट रोडला अंबादास नावाच्या चाळिशीतल्या माणसाचा कारखाना आहे, तिथं. त्यानं नमुने काढून दिले, चहा मागवला, आणि म्हणाला, "चला सर, माल कसा विणतात ते दाखवतो."

शेडचं दार उघडलं आणि मी कानांवर हात ठेवले. तीस-चाळीस लूम एकाच वेळी. अंबादास माझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता, तरी अर्धं कळत नव्हतं. तेवढ्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. शेडच्या या टोकाला एक कामगार उभा, दुसरा पार त्या टोकाला. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. मग यानं तोंड हलवलं, त्यानं तोंड हलवलं, हा पुन्हा हसला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ते दोघं काय करत होते?"

"बोलत होते की, सर."

"एवढ्या लांबून? त्या आवाजात ऐकू कसं येतं?"

"ऐकायचं कशाला? ओठ बघायचं." अंबादासनं चहाचा कप माझ्या हातात दिला. "हा म्हणत होता, मेहुणा आलाय, लवकर सोड. तो म्हणाला, मेहुण्यालाच लूमवर उभा कर."

"तुम्हालाही कळतं?"

"लूमवर वाढलेल्या सगळ्यांना कळतं, थोडंफार. जुन्या माणसांना तर बसल्या जागी अख्ख्या शेडमधलं कळायचं. आम्हाला नरसय्या जॉबरनी शिकवलं."

मी कप खाली ठेवला. सोलापुरात नरसय्या शेकड्यांनी असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

"कोण नरसय्या? ज्यांच्या बायकोला बोलता येत नव्हतं?"

"तेच. पण बोलता येत नव्हतं कसं? बोलायच्या की, सर. आवाज तेवढा नव्हता. संध्याकाळी दारात बसून दोघांच्या तासतास गप्पा चालायच्या. आम्ही चेष्टा करायचो, काकू, किती बोलता." तो हसला. "फार मोठा माणूस. शिकवताना त्या टोकाला उभे राहून आम्हाला काहीबाही म्हणायचे, आणि इकडून आम्ही उत्तर द्यायचं. चुकलं की परत."

शेडचं दार कुणीतरी उघडलं, आवाज बाहेर आला, पुन्हा बंद झालं.

"आणि एक होतं," अंबादास म्हणाला. "ते समोर असले की आम्ही एकमेकांच्या कानातसुद्धा काही बोलत नव्हतो."